बॅकगॅमन: शर्यतीत २२ ने पुढे असून मॅच घालवली, अशी अडकलेली पोझिशन खेळायची कशी?

देवगड_खाडी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण वाचा प्लीज, कारण तीन दिवस हेच डोक्यात चाललंय. मी देवगडचा, चारेक वर्षं बॅकगॅमन (दोन फासे टाकून आपल्या १५ सोंगट्या २४ घरांच्या पटावरून आधी बाहेर काढायचा खेळ) खेळतोय, आधी नुसतं मोबाईलवर आणि आता आमच्या पडवीत चार-पाच जण जमतो, पाऊस लागला की कुठे जाणार, लाईट असतेच असं नाही, मग बोर्ड मांडायचा. बोर्ड सावंतवाडीच्या चितारआळीतून मुद्दाम करून घेतलाय, लाल आणि हिरव्या सोंगट्या, एकदम झकास.

तर माझ्या आतेभावाबरोबर, मी त्याला दादाच म्हणतो, ७ पॉइंटची मॅच चालली होती. ३-३ बरोबरी. पोझिशन सांगतो, बोर्ड असेल तर मांडून बघा. माझ्या दोन सोंगट्या मागे दादाच्या २ नंबरच्या घरात, म्हणजे माझ्या मोजणीने २३ वर. बाकी माझ्या ८ वर दोन, ७ वर दोन, ६ वर तीन, ५ वर तीन, ४ वर तीन. दादाच्या दोन सोंगट्या माझ्या ३ वर, मिडपॉइंटवर (त्याच्या १३ नंबरच्या घरात) तीन आणि त्याच्या ८, ७, ६, ५, ४ वर दोन-दोन. म्हणजे त्याचीही ४ ते ८ अशी पाच घरांची भिंत (दोन सोंगट्या असलेलं घर समोरच्याला बंद) आणि माझीही तशीच. पिप मोजले, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला अजून किती घरं चालायचीत ते, माझे १२१ आणि त्याचे १४३. मी २२ ने पुढे! मला वाटलं आता आपलीच मॅच, फक्त चूक करायची नाही, सगळं सेफ खेळायचं.

दान पडलं ५-१. मी ६ वरची जास्तीची सोंगटी १ वर टाकली आणि ५ वरची एक ४ वर. कुठेही ब्लॉट, म्हणजे एकटी सोंगटी, मार खाईल असा नाही, भिंत जशीच्या तशी. दादाने मिडपॉइंटवरून निवांत चाल केली, त्याच्या भिंतीला हातसुद्धा लागला नाही. मग मला ६-४. आणि मागच्या सोंगट्यांना ६ पण बंद, ४ पण बंद. ८ वरच्या दोन्ही आत आणाव्या लागल्या. तिथून सगळं ढासळत गेलं. दादाने क्यूब (डावाची किंमत दुप्पट करायचा ठोकळा) पुढे केला, मी रागाने उचलला, एकदम झटक्यात, विचारच केला नाही खरं सांगायचं तर. नंतर अँकर, म्हणजे मागच्या दोघींचं ते घर, पण सोडावा लागला, एक सोंगटी मारली गेली ती बारवरच (मार खाल्लेल्या सोंगट्यांच्या मधल्या पट्टीवर) बसून राहिली, गॅमन झालं (माझी एकही सोंगटी बाहेर निघायच्या आत डाव संपला, त्याचे पॉइंट दुप्पट), क्यूब २ वर होता म्हणजे ४ पॉइंट, मॅच ७-३.

मला वाईट हरल्याचं नाही वाटत, हे असं दर वेळी होतं याचं वाटतं. पोझिशन सोपी असली की मी बरा खेळतो पण एकदा का अडकलं की छाती धडधडायला लागते, मग एक तर मी घाबरून सगळं झाकत बसतो नाहीतर डोकं फिरतं आणि काहीतरी भलतंच मारून बसतो. ठरवलेला प्लॅन बदलायचा कधी आणि धरून ठेवायचा कधी हेच कळत नाही. जुन्या जाणत्यांनी सांगा कृपया.

इंजिनरूम_रिटायर्ड

देवगडकर, पोझिशन इतकी नीट लिहिलीस त्याबद्दल आधी आभार, नाहीतर लोक फक्त "फासे वाईट पडले" एवढंच लिहितात आणि मग काय सांगायचं. मी गुहागरचा, जहाजावर इंजिनमध्ये २९ वर्षं काढली, हा खेळ एका ग्रीक सेकंड इंजिनियरकडून शिकलो. आता बोर्ड मांडूनच लिहितोय.

पहिली गोष्ट, तुझं ६-४ वाईट नव्हतं. तुझी चूक ५-१ ला झाली, आणि ती झाली कारण तू अजून शर्यत खेळत होतास. पिप मोजलेस हे उत्तम, पण त्या आकड्याचा अर्थ प्रत्येक पोझिशनमध्ये एकच नसतो. दोघांच्याही सोंगट्या एकमेकांच्या भिंतीमागे अडकल्या असतील तर शर्यत सुरूच झालेली नसते रे. तिथे प्रश्न एवढाच असतो की कोणाची भिंत आधी मोडते, आणि जो शर्यतीत पुढे त्याच्याकडे हलवायला कमी शिल्लक, म्हणून त्याची आधी मोडते. तू २२ ने पुढे होतास म्हणजे २२ ने अडचणीत होतास.

मोजून दाखवतो. तुझ्या भिंतीला लागतात १० सोंगट्या, दोन मागे, उरल्या तीन. ६ वरची, ५ वरची, ४ वरची एकेक. त्या पार १ पर्यंत ढकलल्या तर ५ अधिक ४ अधिक ३, एकूण १२ पिप. एका दानाला सरासरी ८ च्या थोडे वर पिप जातात, म्हणजे तुझ्याकडे दीड दानाचा दाणागोटा होता. दादाकडे मिडपॉइंटवर तीन सोंगट्या, त्या ४ पर्यंत आणायच्या म्हटल्या तरी प्रत्येकी ९, एकूण २७, झाली तीन दानं. हे एकदा डोळ्यासमोर आलं असतं तर "सेफ" हा शब्दच तुझ्या डोक्यातून गेला असता.

आता ५-१ ला काय करायचं होतं ते बघ. ५ ने ६ वरून १ वर, ते ठीकच, दुसरं बरं ५ नव्हतंच. पण तो १ होता ना, तो मागे खेळायचा होता, २३ वरून २२ वर, म्हणजे दादाच्या २ वरून ३ वर, भिंतीच्या अगदी कडेला. तू म्हणशील दोन ब्लॉट झाले त्याच्या घरात. झाले ना. पण मारणार कशाने? त्याच्या भिंतीवर सगळीकडे दोनच सोंगट्या आहेत, जास्तीची एकही नाही, जास्तीच्या तिन्ही मिडपॉइंटवर, १० आणि ११ घरं लांब. भिंत न मोडता मारायचं तर त्याला ६-४, ६-५ नाहीतर ५-५ पाहिजे, ३६ पैकी फक्त ५ दानं. आणि भिंत मोडून मारली तर त्याचीच पंचाईत, कारण बारवरून तू उलटा मार दिलास तर त्याची तिसरी सोंगटी तुझ्या पाच घरांच्या भिंतीमागे जाते.

आणि मिळतं काय? भिंतीच्या एक घर मागे उभा होतास तेव्हा बाहेर पडायला फक्त ६-१, म्हणजे ३६ पैकी २. कडेला आलास की कुठलाही ६ चालतो, ३६ पैकी ११. पण याहून मोठी गोष्ट अशी की त्या आधी तुला पडलेला प्रत्येक छक्का तुझीच भिंत फोडत होता, कारण मागे ६ बंद, मग ८ वरून २ वर नाहीतर ७ वरून १ वर, दुसरी चालच नाही. कडेला आल्यावर तोच छक्का तुला बाहेर काढतो! फासा तोच बाबा, एका घराचा फरक. तुझ्या ६-४ ला मागची सोंगटी ६ ने १६ वर निघाली असती आणि ४ ने ५ वरची जास्तीची १ वर गेली असती, आणि ८ चं घर जागेवर राहिलं असतं.

प्लॅन कधी बदलायचा हे विचारलंस. आमच्या जहाजावर ग्रीक लोक ताव्ली खेळायचे, म्हणजे एकाच बोर्डावर तीन खेळ ओळीने, पोर्तेस, प्लाकोतो, फेव्गा. पोर्तेस म्हणजे जवळजवळ आपला हाच खेळ, फक्त क्यूब नाही. प्लाकोतोमध्ये सोंगटी मारून बाहेर काढत नाहीत, एकट्या सोंगटीवर आपली ठेवून तिला दाबून धरतात. फेव्गात तर समोरच्याची एक सोंगटी असली तरी ते घर तुम्हाला बंद. एक डाव संपला की लगेच दुसरे नियम, त्याच सोंगट्या, तेच फासे. मला पहिले सहा महिने भयंकर त्रास झाला, प्लाकोतोत मी पोर्तेससारखा विचार करायचो आणि मार खायचो. मग हळूहळू सवय लागली की बोर्डाकडे बघून आधी विचारायचं, आत्ता कुठला खेळ चाललाय? ती सवय मी बॅकगॅमनमध्ये तशीच ठेवली. आत्ता ही शर्यत आहे, का भिंत विरुद्ध भिंत, का मी अँकर धरून वाट बघतोय, का घाव घालायची वेळ आहे. एका डावात तीनदा उत्तर बदलू शकतं आणि दोन चालींपूर्वी काय होतं ते फाशांना माहीत नसतं.

छाती धडधडते ते चांगलं आहे, धडधडली की समज पोझिशन बदललीय, आणि पहिल्यापासून मोज.

रत्नागिरी_गणित

काकांनी भिंतीचं इतकं छान सांगितलंय की त्यात मी काही घालत नाही. मी क्यूबबद्दल बोलते, कारण मला तर मॅच तिथेच गेली असं वाटतंय आणि त्याबद्दल कोणी नीट लिहीत नाही.

मी शाळेत गणित शिकवते, मुलांना संभाव्यता शिकवताना फासे आणतेच वर्गात. क्यूब उचलायचा की सोडायचा याचा साधा हिशोब असा. सोडला तर १ पॉइंट गेला, बाकी काही नाही. समजा अशीच पोझिशन १०० वेळा आली आणि तुम्ही दर वेळी सोडलीत, १०० पॉइंट गेले. आता दर वेळी उचललात आणि १०० पैकी २५ जिंकलात, तर २५ गुणिले २ म्हणजे ५० मिळाले, ७५ गुणिले २ म्हणजे १५० गेले, फरक १००. बरोब्बर तेवढंच नुकसान. म्हणून २५ टक्के ही रेघ. त्याच्या वर जिंकायची आशा असेल तर उचला, खाली असेल तर सोडा. यात राग, मानापमान, दादा काय म्हणेल, काही येत नाही.

पण हा हिशोब गॅमन धरलेला नाही, आणि तुमच्या बाबतीत तेच महत्त्वाचं होतं. ३-३ वर ७ ची मॅच, दोघांनाही ४ पाहिजेत. क्यूब २ वर गेला की गॅमनचे बरोब्बर ४ होतात, मॅच खलास. तुमच्या दोन सोंगट्या त्याच्या भिंतीमागे, तुमचं ८ चं घर गेलेलं, दोन सोंगट्या १ आणि २ वर निकामी पडलेल्या. अशा वेळी २५ टक्के पुरत नाहीत, त्याहून बऱ्यापैकी जास्त पाहिजेत. सोडला असतात तर ४-३ ने मागे, म्हणजे काहीच नाही, पुढचा डाव मांडायचा. मला स्वतःला ती पोझिशन सोडावी असं वाटतं, पण कॉम्प्युटरवर तपासून घ्या.

आणि एक, काका म्हणाले ते ८ चं घर गेल्यावर काय झालं तेही आकड्यात बघा. पाच घरांची भिंत होती तेव्हा दादाला सुटायला ६ च पाहिजे होता, ११ दानं. ८ मोडल्यावर ५ सुद्धा चालायला लागला, २० दानं. एका चालीत ११ चे २०. हे बघूनच त्याने क्यूब फिरवला असणार, चांगला खेळाडू दिसतोय तुमचा दादा.

शांत डोक्याबद्दल मला वेगळं वाटतं थोडं. लोक सांगतात श्वास घ्या, पाणी प्या, ते करा, पण माझा अनुभव असा की मोजायला लागलं की आपोआप शांत होतं. बारवर सोंगटी आहे आणि समोरची पाच घरं बंद आहेत, तेव्हा आत यायला ३६ पैकी ११. चार बंद असतील तर २०. तीन बंद असतील तर २७. हे पाठ असेल तर दोनदा नाही आलं आत तरी "माझंच नशीब फुटकं" असं वाटत नाही, कारण पाच घरं बंद असताना २५ वेळा नाहीच येणार हे आधीच माहीत असतं. माझ्या वहीच्या मागच्या पानावर हे आकडे लिहिलेत. ब्लॉट किती लांब आहे त्यावर मार बसायची दानं पण लिहिलीत, १ घर लांब ११, २ ला १२, ३ ला १४, ४ आणि ५ ला १५-१५, ६ ला १७, आणि ७ झालं की एकदम ६ वर येतं. म्हणजे ब्लॉट ठेवायचाच झाला तर ६ पेक्षा ७ घरं लांब ठेवला तर धोका तिपटीने कमी होतो. (मध्ये बंद घरं असतील तर थोडे कमी होतात हे आकडे, ते त्या त्या वेळी बघायचं.) हे एकदा कळलं ना की ब्लॉटची भीतीच निघून जाते.

कुडाळ_गजाली

झिला, माका ह्यो खेळ शिकान दोनच वर्सां झाली, त्यामुळे मोठा काय सांगूचा नाय. पण तुझा वाचान माका माझाच वाटला. मी आता एक करतंय, क्यूब समोर इलो की हात मांडीखाली घालून बसतंय. खरांच. बाईंनी सांगितल्यानी तसो हिशोब होयसर हात भायर काढूचो नाय. तुझो दादा खय पळान जातलो नाय, थांबात दोन मिनिटा.

हर्णै_तांडेल

नमस्कार. आमची बोट आहे, जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की दोन महिने बोट किनाऱ्यावर आणि आम्ही पण किनाऱ्यावर, त्या दिवसात खलाशांना मी हा खेळ शिकवलाय, आता जेटीवर दोन बोर्ड असतात.

वरच्यांनी लिहिलंय ते पटलं. मी फक्त वाट बघण्याबद्दल सांगतो कारण पोरं तिथेच चुकतात. मागे पडलात, समोरचा ३०-४० पिपने पुढे गेला, अशा वेळी माझी पोरं मागच्या सोंगट्या घेऊन पळायला बघतात, पोबारा. आणि पळता पळता मार खातात. अरे मागे पडलेल्याने पळून काय होणार, शर्यत तर तो जिंकतोच आहे. उलट त्याच्या ५ नंबरच्या घरात दोन सोंगट्यांचा अँकर मिळाला तर गप बसायचं. त्याला बाकीच्या सोंगट्या मिडपॉइंटवरून तुमच्या समोरून घरी न्यायच्यात, आज ना उद्या एक उघडी पडते. तोपर्यंत तुमचं काम एकच, आपली घरं बांधून ठेवायची, म्हणजे मारली तर ती परत आत येता कामा नये. आणि अँकर आहे म्हणजे तुम्हाला बारवरून यायला एक दार कायम उघडं, त्यामुळे बाकी बोर्डावर जरा धीट खेळता येतं.

आमच्या खाडीच्या तोंडाला वाळू साचते, ओहोटीला बोट आत घेता येत नाही, बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघावी लागते. त्यातून भांगाची भरती असेल तर पाणी पुरेसं चढतही नाही, आणखी थांबावं लागतं. नवीन खलाशी असतो तो दर पाच मिनिटांनी विचारतो, घालायची का आत. जुना असतो तो तेवढ्या वेळात जाळं नीट करतो, बर्फ बघतो, डिझेल बघतो. सांगायचा मुद्दा, वाट बघताना हात रिकामे ठेवायचे नाहीत. बोर्डावर पण तसंच, अँकर धरून बसलात आणि इकडे आपलीच घरं मोडत गेलात तर शेवटी सोंगटी मारायला मिळाली तरी उपयोग नाही, ती दुसऱ्या दानाला आत येऊन बसते.

एक विनंती, कोणी मुद्दाम बॅक गेम खेळायला जाऊ नका, म्हणजे मागे दोन अँकर करून जाणूनबुजून हरत राहायचं तो प्रकार. दिसायला मोठा हुशारीचा वाटतो पण त्यात गॅमन फार जातात. नाइलाजाने आलात तिथे तर खेळा.

श्रीवर्धन_कुवेत

सलाम सगळ्यांना. २२ वर्षं कुवेतला होतो, आमच्या साईटवर इजिप्तचे फोरमन होते, दुपारच्या सुट्टीत तावला, म्हणजे हाच खेळ, चालायचा. ६-५ पडलं की ओरडायचे शेश-बेश! मला गंमत वाटायची कारण शेश म्हणजे फारसी सहा, आणि आमच्या घरी आजी सारीपाट खेळायची तेव्हा तिच्या तोंडी पण असेच जुने आकडे असायचे.

एक सवय त्यांच्याकडून घेतली ती सांगतो. फासे पडले की ते दोन्ही आकडे मोठ्याने बोलायचे आणि हात चहाच्या ग्लासवर. सोंगटीला हात नाही. मग निदान दोन वेगळ्या चाली डोळ्याने बोर्डावर फिरवून बघायच्या. एकच चाल दिसत असेल तर अजून नीट बघितलेलं नाही असं समजायचं. देवगडवाल्या भाईला ५-१ ला दुसरी चाल दिसलीच नव्हती बहुतेक, दिसली असती तर निदान विचार तरी केला असता. मोबाईलवर खेळणाऱ्यांना हे कठीण जातं कारण घड्याळ पळत असतं, म्हणून शिकताना लाकडी बोर्ड बरा.

मांडवी_एक्सप्रेस

सगळे छान लिहितायत पण कोणीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगतो, ग्नू बॅकगॅमन हा बॉट (खेळ खेळणारा प्रोग्रॅम) फुकट आहे, कॉम्प्युटरवर टाका, पोझिशन घाला, तो प्रत्येक चालीची किंमत सांगतो. वाद मिटतो.

फक्त तो कसा वापरायचा ते महत्त्वाचं. मी आधी नुसतं बॉटची चाल पाठ करायचो, काही उपयोग झाला नाही, कारण तीच पोझिशन परत येतच नाही. आता मी आधी माझं कारण लिहून काढतो, मग बॉटला विचारतो, आणि चाल चुकली असेल तर कारणात कुठे चुकलं ते शोधतो.

दोन गोष्टी सांगतो ज्या मला फार धीर देतात. १९७९ मध्ये माँटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी प्रोग्रॅमने त्या वेळचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७-१ ने हरवलं. कुठल्याही बोर्डवरच्या खेळात मशीनने जगज्जेत्याला हरवायची ती पहिली वेळ. पण नंतर डाव तपासले तर दिसलं की चाली व्हिलाच्याच जास्त बरोबर होत्या, प्रोग्रॅमला फासे चांगले पडले होते, आणि हे स्वतः बर्लिनरनीच लिहिलंय. म्हणजे ७-१ ने हरलेला माणूस चांगला खेळलेला असू शकतो! तेव्हापासून मी डाव संपल्यावर आधी जिंकलो का हरलो ते बाजूला ठेवतो आणि विचारतो चाली कशा होत्या.

दुसरी गोष्ट प्लॅन बदलण्याबद्दल. सुरुवातीला २-१, ४-१, ५-१ पडलं की त्या १ ने ६ वरची सोंगटी ५ वर उघडी ठेवायची असं मोठमोठे खेळाडू वर्षानुवर्षं करत आले. मग १९९० नंतर आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन बनवला, तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला, आणि तो त्या १ ने मागची सोंगटी २४ वरून २३ वर सरकवायचा. लोकांनी तपासून बघितलं, पटलं, आणि दिग्गजांनी आपली वर्षांची सवय सोडली. त्यांना सोडता आली तर आपल्याला एका डावात प्लॅन सोडायला काय हरकत आहे.

बाकी मी आत्ता खरंच मांडवीत आहे, करबुडे बोगदा आला की साडेसहा किलोमीटर नेट नाही, पुढचं नंतर लिहितो.

देवगड_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री दादाला बोलावलं आणि तीच पोझिशन परत मांडली, कंदील लावून, कारण लाईट गेलेली. तो १ मागे खेळलो, कडेला. त्याला ४-३ पडलं, नाही मारू शकला भिंत न मोडता. मला ३-२ पडलं, म्हणजे सुटलो नाही, पण खरं सांगतो, छातीत धडधड नव्हती, कारण ३६ पैकी ११ हे माहीत होतं आणि भिंत अजून उभी होती. पुढे तो डाव मी हरलोच. पण एकदाही असं वाटलं नाही की फाशांनी माझ्यावर सूड घेतलाय.

दादाला क्यूबचं विचारलं. तो म्हणाला, तू इतक्या झटक्यात उचललास की मलाच वाईट वाटलं.

वहीच्या मागे आकडे लिहून काढलेत बाई, तुमच्यासारखे. इंजिनरूम काका, एक विचारू का, तीच पोझिशन, पण ५-१ ऐवजी असं काही पडलं की १ नाहीच, कडेला येताच येत नाही, तर मग काय?

इंजिनरूम_रिटायर्ड

हाच प्रश्न येईल असं वाटलंच होतं. तर घे, तीच मांडणी, दान ४-४. मागच्यांना ४ बंद. ७ वरून ३ वर पण जाता येत नाही, तिथे दादा बसलाय. उरलं काय, ८ वरून ४, ६ वरून २, ५ वरून १. चार वेळा ४ खेळायचंय. कुठलं घर सोडशील आणि कुठलं धरशील? लगेच लिहू नकोस, मांडून बघ.

देवगड_खाडी

मांडलं. अर्धा तास बघितलं. ८ वरच्या दोन्ही ४ वर, मग ६ वरची जास्तीची २ वर आणि ५ वरची जास्तीची १ वर. ८ आपणहून सोडलं पण ४, ५, ६, ७ चारही घरं राहतात. दादाला २० दानं मिळतात सुटायला, पण बाकीच्या १६ दानांना तो अडकतोच. ६ किंवा ५ चं घर फोडलं तर मध्येच भोक पडतं. बरोबर आहे का?

इंजिनरूम_रिटायर्ड

बरोबर. आता तशीच ठेव आणि दादाच्या बाजूला जाऊन बस. त्याला ३-२ पडलंय. त्याच्या जागी तू काय करशील ते उद्या लिही, मी पण मांडून ठेवतो.